डाव्या बाजूचा ब्रेक

१

गाडी शिकायचं गुणवंतीने ठरवलं ते रिक्षावाल्यांमुळे. ती मिरकरवाड्यात राहायची. नवरा दीपेश ट्रॉलरवर, समुद्रात गेला की दिवसचे दिवस तिकडेच. जेट्टीवरच्या लिलावात मासे घ्यायचे, साफ करून, कापून डब्यांत भरायचे आणि फोनवर ज्यांनी सांगितलं असेल त्यांच्या घरी पोचवायचे, हा तिचा धंदा. पावसच्या बाजूची गिऱ्हाइकं वाढली होती. पण बर्फाचं पाणी सीटवर गळतं, वास राहतो म्हणून रिक्षावाले तिला बघून न बघितल्यासारखं करायचे.

गाडी शिकवणाऱ्या भिकाजीकाकांनी मात्र तिला पहिल्याच दिवशी शेजारी बसवून विचारलं, "भीती वाटते?"

"नाय," ती म्हणाली.

"मग शिकायला येळ लागंल. भिणारी लवकर शिकतात."

भिकाजीकाका पूर्वी एस.टी.वर ड्रायव्हर होते. निवृत्त झाल्यावर एका ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवायला लागले. स्कूलच्या गाडीला डाव्या बाजूलाही क्लच आणि ब्रेक होता. त्यांनी तिकडून ब्रेक दाबला की इकडे गुणवंतीच्या पायाखालचं पेडल आपोआप खाली जायचं. पायाखालची पायरी खचावी तसं वाटायचं तिला. आणि लगेच राग यायचा.

"रस्त्यावरचे सगळे आंधळे, बहिरे आन् घाईत हायत, असं धरून चालवायची," काका सांगायचे. "एस.टी. उभी दिसली की तिच्या पुढून कोणतरी धावत येणारच. चेंडू आला की मागनं पोर येणार. वळण दिसत नाय तिथं पलीकडे गाडी हायच. आरशात बगायचं, पुढे बगायचं, परत आरशात. माझ्याकडे बगायचं नाय. मी काय पळून जात नाय."

आणि ती काही बघायच्या आधीच ते पेडल खाली जायचं. मग खरंच एखादं वासरू रस्त्यात उतरायचं, नाहीतर एखादा दुचाकीवाला गल्लीतून सुसाट बाहेर यायचा. काकांना ते आधी कसं कळायचं, हे तिला कधी कळलं नाही. एक दिवस तरी त्यांनी पाय लावायचा नाही, एवढीच तिची इच्छा होती.

२

लायसन्सची परीक्षा जवळ आली तेव्हा काका म्हणाले, "आज पावसपर्यंत ने. मी पाय लावणार नाय."

सकाळची वेळ होती. भाट्येचा पूल ओलांडून ती वर चढली, फणसोप गेलं, गोळपचा सडा आला. दोन्ही बाजूंना काळा कातळ आणि मधून सरळ रस्ता. तिने गाडी सुरेख चालवली. काकांनी खरोखरच पाय लावला नाही. तिला गुणगुणावंसं वाटत होतं.

सडा संपून पावसकडचा उतार लागला आणि पेडल खाली गेलं.

पुढे काहीच नव्हतं. रस्ता मोकळा, उन्हाने पांढरा झालेला. पेडल नेहमीसारखं ठाम खाली गेलं नव्हतं. अर्धंच गेलं, थरथरलं आणि वर आलं.

"काका, तुम्ही बोललात पाय लावणार नाय."

पुढच्या वळणावर पेडल पुन्हा अर्धवट खाली गेलं. गाडी रेंगाळली. तिला वाटलं, हे मुद्दाम करतायत. उतारावर मी बावरते का ते बघतायत. तिने दात आवळले आणि ॲक्सिलरेटर दाबला. गाडी त्या ब्रेकला न जुमानता पुढे गेली. तिच्या पायाशेजारी ते पेडल कणाकणाने सैल होत गेलं, ते तिला स्पष्ट जाणवलं.

आणखी एक गोष्ट होती, जी तिने नंतर कोणालाच सांगितली नाही. तिला आवाज आला होता. दमलेल्या माणसाने जिना चढून आल्यावर घ्यावा तसा श्वास, आणि त्यातच, "गुणवंती..." असं काहीतरी. तिने डावीकडे पाहिलं नाही. माझ्याकडे बघायचं नाही, असं त्यांनीच शिकवलं होतं. पण ते काही खरं कारण नव्हतं. तिला तो उतार एकदाचा आपल्या पायाने पुरा करायचा होता.

पावसच्या पहिल्या घरांपाशी तिने गाडी कडेला घेतली, हॅण्डब्रेक ओढला आणि हसत म्हणाली, "झालं की नाय, काका?"

काकांचं डोकं काचेला टेकलं होतं. उजवा पाय पेडलवरून घसरून खाली आडवा पडला होता. एक चप्पल निघाली होती.

डॉक्टर म्हणाले, झटका मोठा होता, लवकर आणलं असतं तरी फार काही करता आलं नसतं. गुणवंतीने ते वाक्य घट्ट धरून ठेवलं. लोकांनी विचारलं तेव्हा ती म्हणाली, "त्यांना त्रास होतोय असं दिसलं तशी मी लगेच गाडी थांबवली." भिकाजीकाकांच्या बायकोने, सगुणाकाकीने, तिचे दोन्ही हात हातात घेतले आणि म्हणाली, "एकटीच होतीस गो तू. किती घाबरली असशील."

३

पावसाळा गेला. गुणवंती दुसऱ्या एका मास्तरकडे उरलेलं शिकली, लायसन्स मिळालं आणि तिने एक जुनी व्हॅन घेतली. घरगुती वापरातली, एका शिक्षकाची. स्कूलच्या गाडीसारखं डावीकडे काही नव्हतं. तिने घेण्याआधी वाकून बघितलं होतं. डावीकडे नुसती रबरी चटई होती, ब्रेक नव्हता की क्लच नव्हता.

मागे माशांचे डबे ठेवून ती एका सकाळी मारुती मंदिराकडून येत होती. बाजूला एस.टी. उभी होती. गुणवंतीचं लक्ष फोनवरच्या पत्त्याकडे गेलं होतं. तिच्या पायाखालचं पेडल खाली गेलं.

गाडी थांबली. एस.टी.च्या पुढून एक म्हातारी, डोक्यावर टोपली घेऊन, तिच्या बंपरला जवळजवळ घासून पलीकडे गेली.

गुणवंती तशीच बसून राहिली. मागचे हॉर्न वाजवायला लागले. सवयीने माझाच पाय पडला असणार, तिने स्वतःला सांगितलं. शिकलेलं असं अंगात मुरतं, लोक म्हणतातच.

पण पुन्हा तसंच झालं. रस्त्यात उतरलेल्या एका वासराच्या आधी पेडल खाली गेलं, भाट्येच्या पुलावर अचानक थांबलेल्या टेम्पोच्या आधी गेलं. दर वेळी आधी पेडल आणि नंतर धोका.

तिने व्हॅन निलेशच्या गॅरेजमध्ये नेली. निलेश दीपेशचा मित्र होता. त्याने चाकं काढली, ब्रेकचं ऑइल बदललं, त्याच्या लाइनमधली हवा काढली. मग स्वतः दूरवर एक फेरी मारून आला.

"वैनी, ब्रेक एकदम ओके हाय."

"पेडल आपोआप खाली जातं रे."

"हवा असली तर पेडल मऊ लागंल, दाबलं की खाली जाईल. पण न दाबता?" तो हात पुसत हसला. "न दाबता कसं जाईल? कोणतरी दाबायला नको?"

४

दीपेश ट्रॉलरवरून आला तेव्हा एका संध्याकाळी तिने त्याला व्हॅनमधून फिरवून आणलं. बायको गाडी चालवते याचं त्याला कौतुक होतं. राजिवड्याच्या वळणावर एक पोरगा सायकल घेऊन आडवा आला. गाडी जागच्या जागी थांबली.

"भारी!" दीपेश म्हणाला. "माला तर तो दिसलाच नाय. कसं काय कळलं तुला?"

गुणवंतीने खाली पाहिलं. तिचा उजवा पाय पेडलवर नव्हता. तो मागे, सीटच्या कडेला टेकलेला होता. पेडल अजून खाली होतं. ती बघत असतानाच ते सावकाश वर आलं.

"तू असा तिरका का बसलायस?" तिने विचारलं. तिला दुसरं काही बोलायचं होतं.

दीपेशने आपल्या पायांकडे पाहिलं. दोन्ही पाय दाराकडे ओढून, एकमेकांना चिकटवून तो बसला होता. "काय म्हाईत," तो म्हणाला. "हितं पाय ठेवायला जागाच नाय तुझ्या गाडीत."

त्याच्यापुढे रिकामी चटई होती.

त्या रात्री जेवताना दीपेश शेजाऱ्यांना सांगत होता, गुणीचा पाय बघा, काय ब्रेक मारते. ती ताटातला भात चिवडत राहिली. आपल्याला भीती वाटायला हवी, असं तिला वाटत होतं. भीतीही होती. पण तिच्या खाली दुसरंच काहीतरी होतं आणि ते जास्त जड होतं. ज्या माणसाच्या हाकेला तिने मान वळवली नाही, तोच माणूस तिला अजून सांभाळून नेत होता.

५

पावसच्या उतारावर मात्र गोष्ट वेगळी होती.

तिथे पुढे काही नसताना पेडल खाली जायचं. अर्धंच, थरथरत, त्या दिवशीसारखं. पुढच्या वळणावर पुन्हा. कोणीतरी उरलेल्या शक्तीनिशी दाबत असल्यासारखं.

थांबायला हवं, हे तिला समजत होतं. व्हॅन कडेला घ्यायची, हॅण्डब्रेक ओढायचा, मान वळवायची. काम तेवढंच होतं. आणि दर वेळी ती ॲक्सिलरेटर दाबायची. बर्फ वितळेल, गिऱ्हाईक वाट बघतंय, वळणावर गाडी उभी करू नये, अशी कारणं ती मोठ्याने म्हणायची, शेजारी कोणी ऐकत असल्यासारखी. पेडल तिच्या पायाशेजारी हळूहळू सैल पडायचं. उतार संपला की तिच्या लक्षात यायचं, आपण रडतोय.

थांबलं तर बघावं लागेल, याचीच तिला धास्ती होती. त्यामुळे जे एकदा झालं होतं ते ती दर फेरीला नव्याने करत होती.

शेवटी तिने पापलेटं घेतली, नीट साफ केली आणि फणसोपला सगुणाकाकीच्या घरी गेली. काय बोलायचं ते तिने वाटेत जुळवलं होतं. काकीने चहा टाकला. ओटीवर भिकाजीकाकांचा फोटो होता, एस.टी.च्या खाकी कपड्यांतला. फोटोकडे पाठ येईल अशी जागा गुणवंतीने निवडली. चहा संपला, पण जुळवलेलं काही तोंडातून बाहेर आलं नाही.

"तू पावसला चाललीस ना?" काकीने कप उचलत विचारलं. "माला सोडशील? भैन आजारी हाय. एस.टी. दुपारची हाय आता."

नाही म्हणायला गुणवंतीकडे काही कारण नव्हतं.

६

सगुणाकाकीने व्हॅनचं डावं दार उघडलं आणि ती थोडा वेळ तशीच उभी राहिली. मग पदर आवरून आत बसली. बसताना तिने दोन्ही पाय वर घेतले आणि सीटवर मांडी घातली.

"काकी, पाय खाली सोडा की. अवघडाल."

"असू दे," काकी म्हणाली. "हितं अडचण व्हते."

गोळपचा सडा आला. वाळलेलं गवत वाऱ्याने एकाच बाजूला झुकलं होतं. गुणवंती आरशात बघत होती, पुढे बघत होती, परत आरशात बघत होती.

उतार लागला. पेडल अर्धवट खाली गेलं, थरथरलं आणि वर आलं. गाडी रेंगाळली.

"ब्रेक लागला ना आता?" काकीने विचारलं.

"रस्ता खराब हाय," गुणवंती म्हणाली आणि ॲक्सिलरेटर दाबला.

"रस्ता तर बरा हाय." काकी पुढच्या काचेतून बघत होती. "त्या दिवशी कुठं थांबलीस गो तू? मी कधी इचारलंच नाय. या रस्त्यानं एस.टी.तून जाते तेव्हा बगत असते, ह्या वळणावर असंल की त्या."

पेडल पुन्हा खाली गेलं. ह्या खेपेला गुणवंतीला तो श्वासही ऐकू आला. इंजिनाचा असेल. काकीचा असेल.

"हितंच," ती म्हणाली. झाडीतल्या एका वळणाकडे तिने हनुवटीने दाखवलं. "हितंच थांबवली मी. लगेच."

काकीने त्या वळणाकडे वळून पाहिलं. ते मागे जाईपर्यंत ती बघत राहिली. "हितं," ती स्वतःशीच म्हणाली.

पुढचं वळण संपताच चिऱ्यांनी भरलेला एक ट्रक उतारावर बंद पडून उभा दिसला. मागे कोणीतरी झाडाच्या फांद्या टाकून ठेवल्या होत्या. अंतर पुरेसं होतं. गुणवंतीने ब्रेकवर पाय ठेवला.

पेडल हललं नाही.

तिने जोर लावला. ते दगडासारखं घट्ट होतं. घट्ट म्हणण्यापेक्षाही, खालून कोणीतरी आपला तळवा तिच्या तळव्याला लावून ते वर रेटत होतं. जेवढा जोर ती लावत होती तेवढाच तिकडून येत होता. व्हॅनचा वेग वाढला. मागचे डबे सरकून पुढे आदळले. तिने हॅण्डब्रेक ओढला. तो रिकामा, खुळखुळत वर आला. ट्रकच्या मागच्या फळीवरची अक्षरं मोठी मोठी होत होती.

"नाय थांबवली!" ती ओरडली. "काकी, मी नाय थांबवली! त्यांनी ब्रेक दाबला, माला हाक मारली. माला ऐकू आली. मी बगितलं नाय त्यांच्याकडे. मी गाडी तशीच पुढे नेली. माला ऐकू आली होती हाक!"

तिच्या तळव्याखालचा जोर एकदम नाहीसा झाला. पेडल तळाला गेलं, चाकं किंचाळली आणि व्हॅन फांद्यांवर चढून थांबली.

इंजिन बंद पडलं होतं. मागे बर्फाचं पाणी टपटपत होतं. ट्रकवाला कुठे दिसत नव्हता. गुणवंतीची मान स्टीअरिंगवर होती. शेजारून शिवी येईल, हुंदका येईल, थप्पड बसेल म्हणून ती वाट बघत राहिली.

काकी म्हणाली, "डॉक्टर माला पण बोलले होते. लवकर नेऊनसुदीक काय उपेग नव्हता."

गुणवंतीने मान हलवली.

"पण हाक मारली तर बगायचं तरी, गो," काकी म्हणाली. "एकटंच गेलं ना ते माणूस. शेजारी तू असून."

७

सगुणाकाकीने दार उघडलं आणि ती खाली उतरली. तिचं वजन गेल्यावर व्हॅन डावीकडून जराशी वर उचलली गेली.

काकीने दार लावलं नाही. एका हाताने ते उघडं धरून ती बाजूला सरकून उभी राहिली. म्हातारं, अंग जड झालेलं माणूस उतरताना आपण धरतो तसं. ती घाई करत नव्हती. एकदा "सावकाश" असंही म्हणाली बहुतेक. गुणवंती डावीकडे वळून उघड्या डोळ्यांनी बघत होती. सीट रिकामी होती. चटई रिकामी होती. चटईच्या रबरात दोन खोलगट जागा होत्या, आणि त्या बघता बघता भरून सपाट झाल्या.

मग व्हॅन डावीकडून पुन्हा एकदा वर उचलली गेली.

काकीने दार लावलं. काचेतून आत पाहिलंही नाही. ट्रकला वळसा घालून ती पावसच्या दिशेने चालू लागली. रस्त्याच्या अगदी कडेने चालायला भरपूर जागा होती, पण ती तेवढी जागा सोडून थोडी आतून चालत होती. पावलं हळू टाकत होती, मधेच थांबत होती.

गुणवंतीने खिडकी खाली केली. "काकी," तिने हाक मारली.

उताराच्या पुढच्या वळणापाशी सगुणाकाकी पोचली होती. वळणाआड काय आहे ते कोणालाच दिसत नव्हतं. आवाज नव्हता, हॉर्न नव्हता. आणि अचानक कोणीतरी दंडाला धरून ओढावं तशी काकी झटक्यात रस्त्यावरून कडेच्या गवतात गेली. तिचा पदर खांद्यावरून सुटला. एक क्षण गेला असेल. मग वळणावरून एक डंपर धडधडत वर आला, काकी चालत होती त्याच जागेवरून, आणि हॉर्न न देताच निघून गेला.

धूळ खाली बसली तेव्हा काकी पदर सारखा करत होती. बाजूला बघून काहीतरी बोलली, आणि वळणाआड गेली.

गुणवंतीने किल्ली फिरवली. पायाखालचं पेडल हलकं होतं, नुसतं लोखंडाचं. दाबलं की जात होतं, सोडलं की येत होतं. मागून कोणी येतंय का, तिने आरशात पाहिलं. पुढे पाहिलं. परत आरशात पाहिलं. रस्ता दोन्ही बाजूंनी मोकळा होता, आणि गाडी बाहेर काढायला तिचा पाय उचलेना.